विश्वाच्या उत्पत्तीविषयीचा दावा कसा तपासावा

‘महास्फोट आमच्या ग्रंथात आधीच सांगितलाय’ असं एक जण म्हणतो, ‘महास्फोटानं देवाची सुट्टी केली’ असं दुसरा. महास्फोट (बिग बँग) म्हणजे विश्व तप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं असं सांगणारा सिद्धान्त. दोघंही मोजमापाचं उत्तर श्रद्धेच्या प्रश्नाला चिकटवतात. असा दावा समोर आला की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कागद घ्या आणि त्यावर तीन खाने आखा.

पहिला खाना मोजमापाचा, दुसरा अनुमानाचा, तिसरा अर्थाचा. दाव्यातलं एकेक वाक्य सुटं करून यांपैकी एका खान्यात टाका. ‘दूरच्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) आपल्यापासून लांब जाताना दिसतात’ हे पहिल्यात. ‘सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं’ हे दुसऱ्यात. ‘हे सगळं कुणीतरी हेतूनं घडवलं’ हे तिसऱ्यात, आणि ‘यामागे काहीच हेतू नाही’ हेसुद्धा तिसऱ्यातच. या शेवटच्या वाक्याशी बरेच जण अडखळतात. त्यांना ते विज्ञानाचं वाटतं, पण हेतू आहे की नाही हे कोणतीही दुर्बीण मोजत नाही.

खाने भरताना ‘शून्य’ या शब्दावर लाल खूण करा. भौतिकशास्त्रज्ञ ‘शून्यातून विश्व’ म्हणतो तेव्हा त्याचं शून्य म्हणजे निर्वात, आणि त्या निर्वाताला ऊर्जा असते, नियम असतात. धर्मचिंतक ‘शून्यातून निर्मिती’ म्हणतो तेव्हा त्याला नियमही नसलेलं शून्य अभिप्रेत असतं. शब्द एकच, वस्तू दोन. हे आधी स्पष्ट केलं नाही तर पुढचा सगळा वाद पाण्यात.

आता पहिल्या खान्यातल्या मोजमापावरून दुसऱ्या खान्यातला एक आकडा, विश्वाचं वय, स्वतः काढून पाहा. दीर्घिका दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला साधारण ७० किलोमीटर वेगानं दूर जातात. मेगापार्सेक म्हणजे ३.०९ गुणिले १० चा १९वा घात इतके किलोमीटर. अंतराला वेगानं भागलं की ते अंतर पडायला लागलेला वेळ मिळतो, म्हणून त्याला ७० नं भागा: ४.४१ गुणिले १० चा १७वा घात, इतके सेकंद आले. एका वर्षात सुमारे ३.१६ कोटी सेकंद असतात, म्हणून पुन्हा भागाकार करा. उत्तर येतं सुमारे १,४०० कोटी वर्षं. प्रसरणाचा वेग कायम सारखाच होता असं आपण इथे धरलं. प्रत्यक्षात आधी पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणानं तो मंदावला आणि नंतर कृष्ण ऊर्जेमुळे (प्रसरणाला वेग देणाऱ्या, अजून नीट न उमगलेल्या ऊर्जेमुळे) वाढला. या दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, म्हणून ढोबळ हिशेबही १,३८० च्या जवळ पोचतो.

७० च्या जागी ६७ घातलात तर वय वाढतं, ७३ घातलात तर कमी होतं. वैश्विक पार्श्वप्रारणावरून (आरंभीच्या तप्त विश्वातून उरलेल्या, सगळ्या दिशांनी येणाऱ्या मंद प्रारणावरून) ६७ च्या आसपास आकडा येतो, जवळचे तारे आणि अतिनवतारे (स्फोट होणारे तारे, सुपरनोव्हा) यांवरून ७३ च्या आसपास. हा खरा, न सुटलेला वाद आहे. पण ‘म्हणजे महास्फोट खोटा’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही: आठ-नऊ टक्क्यांची तफावत प्रसरणाच्या दराबद्दल आहे, प्रसरण होतंय यावर दोन्ही पद्धतींचं एकमत आहे. शिवाय २.७२५ केल्विन तापमानाचं पार्श्वप्रारण आणि वस्तुमानानं सुमारे पाव भाग हेलियम हे स्वतंत्र पुरावे आहेतच. सिद्धान्ताची मर्यादाही इथेच लिहून ठेवा. तो तप्त, दाट अवस्थेपासूनची हकिगत सांगतो. अगदी शून्य क्षणाला समीकरणं अनंत उत्तर देतात, म्हणजे तिथे ती लागू पडत नाहीत.

ग्रंथाच्या बाजूलाही हीच शिस्त हवी. ‘कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वी ४५४ कोटींची, म्हणजे जुळलं’ हा दावा घ्या. आधी आकडा कुठून आला ते पाहा: चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं, त्याची हजार आवर्तनं म्हणजे कल्प. मग त्याच कालगणनेतले बाकीचे आकडेही शेजारी मांडा: कलियुग ४,३२,००० वर्षं, ब्रह्मदेवाची दिवस-रात्र ८६४ कोटी, पूर्ण आयुष्य ३११ लाख कोटी. एवढ्या लांब शिडीची कोणती ना कोणती पायरी कशाच्या तरी जवळ येणारच. शिवाय तुलना पृथ्वीशी का, विश्वाशी का नाही? उत्तर कळल्यावर जोडी निवडली असेल तर ते भाकीत नव्हे. एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करणं हेच थोर आहे, तिला ४५४ च्या प्रमाणपत्राची गरज नाही.

सुटी ओळ पुढे केली तर संपूर्ण मजकूर वाचा. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त महास्फोटाचं वर्णन म्हणून दाखवतात, पण सात ऋचांच्या त्या सूक्ताचा शेवट ‘यदि वा न वेद’ असा होतो: जो अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, कदाचित नसेलही. उत्तराचा आव न आणता प्रश्न इतक्या धीटपणे उघडा ठेवणाऱ्या रचनेवर तयार उत्तर लादणं हा तिच्यावर अन्याय आहे.

शेवटची कसोटी: काय दिसलं तर हा दावा मागे घ्याल, असं विचारा. १९४८ साली मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धान्तापाशी याचं उत्तर होतं: विश्व सर्वकाळ सारखंच दिसायला हवं. दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी आणि १९६५ साली जाहीर झालेला पार्श्वप्रारणाचा शोध त्याच्या विरोधात गेला. ज्या दाव्याकडे असं उत्तर नाही तो पहिल्या दोन खान्यांतून काढा आणि तिसऱ्यात ठेवा. तिथे तो सन्मानानं राहू शकतो.

जॉर्ज लमेत्र यांनी हे खाने वेगळेच ठेवले. ते कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. प्रसरणशील विश्वाची मांडणी त्यांनी १९२७ साली केली, आदिअणूची, म्हणजे विश्वाची सुरुवात एका अतिदाट ‘अणू’पासून झाली या कल्पनेची, १९३१ साली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या शोधांचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. अशा जोडणीत धोका आहे: उद्या सिद्धान्त बदलला तर त्यावर टेकवलेली श्रद्धाही ढळेल, आणि श्रद्धेच्या भिडेनं सिद्धान्ताची तपासणी थांबेल.