लॅपटॉपवर इअरबड्सचा आवाज तुटतोय? आधी शेजारची हार्ड डिस्क काढून बघा

इअरबड्स फोनला जोडले की मस्त वाजतात आणि लॅपटॉपला जोडले की आवाज तुटतो, मधेच गायब, परत येतो, परत गायब, आणि त्याच वेळी वायरलेस माऊसचा कर्सरही अडकत अडकत चालतो, असं होत असेल तर प्लीज लगेच नवीन इअरबड्स घ्यायला जाऊ नका. बहुतेक वेळा इअरबड्समध्ये काहीच बिघडलेलं नसतं, लॅपटॉपच्या पोर्टच्या आसपास जी गर्दी झालेली असते ती नडत असते आणि ती गर्दी हलवायला पैसे लागत नाहीत किंवा लागलेच तर एका साध्या एक्स्टेन्शन केबलचे लागतात.

थोडं आतलं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. ब्लूटूथ, जुना वायफाय आणि माऊस-कीबोर्डचे ते छोटे डोंगल (म्हणजे पोर्टमध्ये खोचायचे रिसीव्हर), हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. पट्टा केवढा, तर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ, आणि त्यातच तुमच्या घरचा राउटर, वरच्या मजल्यावरचा राउटर, समोरच्या फ्लॅटमधला राउटर. तरी ब्लूटूथ यात टिकतं कारण ते एका जागी बसत नाही. त्याची एक-एक मेगाहर्ट्झची ७९ चॅनल असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा एकावरून दुसऱ्यावर उडी मारत असतं, शिवाय २००३ च्या ब्लूटूथ १.२ पासून त्याला ही पण अक्कल आहे की ज्या चॅनलवर वायफाय बसलाय ती चॅनल टाळायची. म्हणून शेजाऱ्यांच्या राउटरमुळे सहसा इअरबड्स एकदम बंद पडत नाहीत.

खरी अडचण होते ती यूएसबी ३.० मुळे, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं कारण ती तर वायरची गोष्ट, तिचा वायरलेसशी काय संबंध. संबंध आहे. यूएसबी ३.० च्या वायरमधून सेकंदाला ५ गिगाबिट डेटा जातो आणि एवढ्या वेगाने सिग्नल पळायला लागला की त्याचा जो रेडिओ गोंगाट केबलमधून, कनेक्टरमधून आणि हार्ड डिस्कच्या डबीतून बाहेर झिरपतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झवरही पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक पेपर काढला होता, त्यात त्यांनी मोजून दाखवलं की यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढू शकतो. २० डेसिबल म्हणजे शंभर पट! आणि वाईट म्हणजे हा गोंगाट एखाद्या चॅनलवर नसतो, सगळ्या पट्ट्यावर सारखा पसरलेला असतो, त्यामुळे ब्लूटूथने कितीही उड्या मारल्या तरी जाणार कुठे, सगळीकडे तेच.

आता कुणी विचारेल की गोंगाट लॅपटॉपजवळ आहे, इअरबड्स तर माझ्या कानात आहेत, दोन-तीन फूट लांब, मग गाणं का तुटावं? कारण गाणं पाठवणं एकतर्फी नसतं. लॅपटॉप एक पॅकेट पाठवतो, इअरबड "मिळालं" असं उलट सांगतो, मग पुढचं पॅकेट. हा "मिळालं" वाला उलट सिग्नल एकदम बारीक असतो कारण इअरबडची बॅटरीच केवढीशी, आणि तो लॅपटॉपच्या अँटेनापर्यंत येतो तेव्हा तिथे हार्ड डिस्कचा गोंगाट चालू असतो, लॅपटॉपला ऐकू येत नाही, तो तेच पॅकेट परत पाठवतो, परत पाठवतो, आणि तोपर्यंत इअरबडमध्ये साठवलेलं गाणं संपतं. झालं, आवाज तुटला. माऊसचंही तसंच, माऊस बिचारा व्यवस्थित पाठवत असतो पण डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये अगदी चिकटून बसलेला असतो, त्याला ऐकू येत नाही.

यावरून एक चांगली खूण मिळते. माऊस आणि इअरबड्स दोन्ही एकाच वेळी त्रास देत असतील तर समजायचं की गडबड लॅपटॉपच्या पोर्टपाशी आहे. कॉलवर तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येतंय पण तो म्हणतोय की तुझा आवाज तुटतोय, तरी आधी तिथेच बघा, कारण तुमचा आवाज इअरबडकडून लॅपटॉपकडे जातो आणि ऐकायला त्रास लॅपटॉपला होतोय. (नेटचा अपलोड स्लो असला तरी असंच होतं, त्यामुळे तोच कॉल एकदा लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर करून बघा, तिथे ठीक असेल तर नेटचा दोष नाही.)

आता टेस्ट. सगळं एकदम काढू नका, एकेक काढा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. गाणं चालू ठेवा, त्याच खुर्चीत बसून राहा, आणि आधी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क, एसएसडी किंवा पेनड्राइव्ह काढा. अर्थात सेफली रिमूव्ह करून मगच, घाईत उपटून डेटा घालवू नका. इथे बरेच जण काय करतात की फक्त कॉपी थांबवतात आणि म्हणतात की बघ, कॉपी बंद आहे तरी तुटतंय म्हणजे डिस्कचा दोष नाही. तसं नसतं. यूएसबी ३ ची लिंक जागी असली की कॉपी चालू नसतानाही वायरवर सिग्नल चालूच राहतो, त्यामुळे डिस्क पूर्ण बाहेर काढूनच बघायला हवं. मग हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी, काढा. मग मॉनिटरची एचडीएमआय केबल. एचडीएमआयसुद्धा करू शकते हे, २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर आला तेव्हा लोकांना दिसलं होतं की मॉनिटर २५६० बाय १४४० वर ठेवला की वायफाय जातो आणि रिझोल्यूशन बदललं की परत येतो.

टाइप-सी हबवर माझा विशेष राग आहे, म्हणजे जे अगदी छोट्या दोन-तीन इंचाच्या वायरचे, लॅपटॉपला चिकटून लोंबकळणारे असतात ते. त्यात यूएसबी ३ पण, एचडीएमआय पण, वर त्यातच माऊसचा डोंगल आणि हे सगळं लॅपटॉपच्या अँटेनाच्या जवळ. वस्तू वाईट असते असं नाही पण सगळं एका मुठीएवढ्या जागेत कोंबल्यावर दुसरं काय होणार. हब घ्यायचाच असेल तर लांब वायरचा आणि धातूच्या बॉडीचा बघा, आणि माऊसचा डोंगल त्यात न लावता लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा.

गुन्हेगार सापडला की उपाय सोपा आहे, अंतर वाढवायचं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची असते, त्यामुळे वीतभर हलवलं तरी पुष्कळ फरक पडतो. हार्ड डिस्क लॅपटॉपच्या मागे, बिजागरीपाशी ठेवू नका, पुष्कळ लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या कडेत नाहीतर बिजागरीजवळच असतात. अ‍ॅपलसुद्धा मॅकवाल्यांना हेच सांगतं की यूएसबी ३ ची वस्तू मागे बिजागरीजवळ ठेवू नका आणि चांगली शील्डेड, म्हणजे आत धातूचं वेष्टन असलेली, केबल वापरा. डिस्क बाजूला, हात लांब करून ठेवा.

आणि माझा सगळ्यात आवडता उपाय, यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल, एक मीटरची. ती डिस्कला नाही लावायची, ती माऊसच्या डोंगलला नाहीतर ब्लूटूथच्या डोंगलला लावायची आणि डोंगल टेबलवर पुढे आणून ठेवायचा, माऊसपॅडच्या बाजूला. हे डोंगल तसेही यूएसबी २ च्याच वेगावर चालतात, त्यामुळे स्वस्तातली केबल चालते, काहीही नुकसान नाही. ४८० मेगाबिटवर चालणाऱ्या यूएसबी २ चा असा त्रास २.४ गिगाहर्ट्झला होत नाही.

डिस्क हलवता येतच नसेल, म्हणजे समजा बॅकअप चालू आहे आणि रात्रीपर्यंत चालणार आहे, तर डिस्कच यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा. काळं किंवा पांढरं पोर्ट बहुतेक यूएसबी २ चं, निळं किंवा एसएस लिहिलेलं ते ३ चं, पण काही कंपन्या रंग पाळत नाहीत म्हणून मॅन्युअल बघितलेलं बरं. स्पीड पडेल, सेकंदाला ३५-४० एमबीच्या आसपास येईल, पण बॅकअप मागे निवांत होत राहतो आणि तुमची मीटिंग नीट होते. डिस्कला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचा जुगाड पण लोक करतात. शील्डिंगने फरक पडतो हे खरं असलं तरी फॉइल सुटून पोर्टमध्ये गेलं तर शॉर्ट होईल आणि डिस्क गरमही होते, मी तरी करू नका म्हणेन.

डेस्कटॉपवाल्यांसाठी वेगळी गोष्ट, आणि ही इतकी कॉमन आहे की आधी हीच बघा. मदरबोर्डला वायफाय असतो, सोबत अँटेना येतो, पण माणूस लॅन केबलने नेट वापरतो म्हणून तो अँटेना बॉक्समधून काढतच नाही. पण ब्लूटूथ पण त्याच अँटेनावर चालतं! तो लावला नसेल तर मागच्या दोन पितळी टोकांवरून सिग्नल हातभर पण नीट जात नाही. लावा तो अँटेना, आणि कॅबिनेटच्या मागे भिंतीत दडवू नका, वर टेबलवर आणा. यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल असेल आणि तो मागच्या पोर्टमध्ये असेल तर मधे अख्खा लोखंडी कॅबिनेट येतो, तिथे पण तीच एक्स्टेन्शन केबल.

पोर्टजवळचं सगळं काढूनही तुटत असेल तर वायफायकडे वळा. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक एकाच चिपवर असतात, पुष्कळदा अँटेना पण एकच, त्यामुळे लॅपटॉप २.४ वर मोठं डाउनलोड करत असेल तर दोघांना पाळीपाळीने वेळ वाटून घ्यावा लागतो आणि गाण्याला वेळ कमी पडतो. उपाय एकच, लॅपटॉपचा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा, आहे का बघा, काही घरांत अजून केबलवाल्याने दिलेला सिंगल बँडच असतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, तुमचं वायफाय कार्ड, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, तिथे बऱ्याच कार्डांना प्रिफर्ड बँड असतं, ते ५ ला ठेवा. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या आयकॉनवर क्लिक केलं की चॅनल दिसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची चॅनल विड्थ ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा, ४० वर ठेवलं की एकटा तुमचा राउटरच अर्धा पट्टा खातो, आणि चॅनल १, ६ किंवा ११ यातलंच ठेवा कारण हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

आता एक गोष्ट जी या सगळ्यात मोडत नाही पण लोक ती यातच धरतात. मीटिंग सुरू झाली की अचानक आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तुटत नाही पण पातळ, मोनो. हा इंटरफेरन्स, म्हणजे सिग्नलमधला अडथळा, नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये इअरबडचा माइक चालू झाला की चांगला स्टीरिओ मोड सोडून कॉलच्या मोडवर जावं लागतं, तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. कितीही डोंगल हलवले तरी हे बदलणार नाही. मीटिंग अ‍ॅपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर इअरबड्स ठेवा, बस, आवाज परत भरीव होतो. तसंच "सूं" असा सतत बारीक आवाज येत असेल तर तो पण सहसा याचा नाही, ब्लूटूथ बिघडलं की आवाजात खड्डे पडतात, सतत सूं येत नाही, तो नॉइज कॅन्सलेशनचा किंवा रेकॉर्डिंगचाच असू शकतो.

अँड्रॉइड फोनवर तुटत असेल तर कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, बघा. एलडॅक ९९० केबीपीएसवर असेल तर गर्दीच्या जागी, म्हणजे लोकल ट्रेनमध्ये किंवा ऑफिसमध्ये, तुटणारच, ते ३३० वर आणा नाहीतर एएसी करा. फोन मागच्या खिशात असला तरी फरक पडतो कारण शरीरातलं पाणी २.४ चा सिग्नल शोषतं, आणि मोकळ्या मैदानात तर जास्तच, कारण सिग्नल परतवायला भिंती नसतात. किचनमध्ये मायक्रोवेव्ह चालू झाल्यावर तुटत असेल तर तो २.४५ वरच चालतो, दोन मिनिटं कळ काढा नाहीतर दुसऱ्या खोलीत जा.

एवढं सगळं करून, लॅपटॉपला काहीही न जोडता, वायफाय बंद ठेवून, आणि वर फोनवर पण तुटत असेल तर मग इअरबड्सकडे बोट दाखवायला हरकत नाही. आधी अ‍ॅपमधून फर्मवेअर अपडेट करा, दोन्ही बड्स रिसेट करून नव्याने पेअर करा, आणि दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसला आपोआप जोडले जात नाहीयेत ना बघा, घरातला टीव्ही किंवा जुना टॅब मधेच खेचून घेतो. तरीही नाही झालं तर सर्व्हिस सेंटरला जाताना हे सगळं सांगा, फोनवर पण तुटतं, दुसऱ्या फोनवर पण तुटतं, फक्त डावा बड जातो की दोन्ही जातात, म्हणजे काउंटरवरचा माणूस नुसतं रिसेट करून परत पाठवणार नाही.