रानडुक्कर आणि रोही यांच्या शिकारीची रीतसर परवानगी: नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी

मक्यात किंवा उसात रात्री कळप शिरून गेला, की सकाळी शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार बंदुकीचा येतो आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार त्याआधी प्राणी कोणता हे ठरवावे लागते, कारण पुढची सगळी वाट त्यावर अवलंबून आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर, रोही (नीलगाय) आणि चितळ हे अनुसूची 2 मध्ये आहेत. काळवीट, चिंकारा आणि सांबर अनुसूची 1 मध्ये आहेत. अनुसूची 2 मधील प्राणी मालमत्तेला, म्हणजे उभ्या पिकालाही, धोकादायक ठरला असेल, तर कलम 11 खाली त्याच्या शिकारीची लेखी परवानगी मिळू शकते. अनुसूची 1 मधील प्राण्याने पीक खाल्ले, एवढ्या कारणावरून ती मिळत नाही.

येवला तालुक्यातील शेतकऱ्यांनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा. ममदापूर, राजापूर परिसरातील काळविटांचे कळप हरभऱ्याचे शेंडे खुडतात आणि कोवळी बाजरी तुडवतात. हे नुकसान खरे आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. परंतु तेथे मार्ग कुंपणाचा, नुकसानभरपाईचा आणि उन्हाळ्यात वनक्षेत्रातच पाणवठे भरलेले राहावेत यासाठी ग्रामसभेतून पाठपुरावा करण्याचा आहे. तसा अर्ज करताना शिकारीची मागणी त्यात घालू नये. त्यामुळे मूळ मागणी मागे पडते.

परवानगीचा अर्ज पुराव्यावर उभा राहतो. सकाळी जनावरे सोडण्याआधी आणि पाणी भरण्याआधी शेतात फिरून खुणा पाहाव्यात. रानडुक्कर मुस्कटाने जमीन उकरते, भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उलथवते आणि मक्याची ताटे आडवी पाडून कणसे खाते. ओल्या मातीत त्याच्या दुभंग खुरामागे वरच्या दोन लहान खुरांचे ठसेही बऱ्याचदा उमटतात. रोही पाने आणि शेंडे खातो, आणि त्याच्या लेंड्यांचा ढीग पुन्हा पुन्हा एकाच जागी सापडतो. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून, तारीख व ठिकाण नोंदवणारे छायाचित्र घ्यावे. हेच छायाचित्र भरपाईच्या अर्जालाही उपयोगी पडते, आणि तो अर्ज नुकसान झाल्यापासून 3 दिवसांच्या आत करावयाचा असल्याने दोन्ही कामे एकाच दिवशी उरकणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज आपल्या गावाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. येवला नाशिक पूर्व वनविभागात येतो, तर इगतपुरी नाशिक पश्चिम वनविभागात. हद्दीबद्दल शंका असल्यास वनरक्षकाला विचारावे किंवा 1926 या क्रमांकावर चौकशी करावी. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसानीच्या तारखा, प्राण्याचे नाव आणि कळपाचा अंदाज लिहून सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद व छायाचित्रे जोडावीत. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा लगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र अर्ज करणे मला अधिक योग्य वाटते, कारण कळप बांध पाहत नाही आणि एका शेतातून हाकललेली डुकरे शेजारच्या शेतात शिरतात.

परवानगी हाती आली तरी ती कोणीही, कोठेही, कोणत्याही साधनाने मारण्याची मुभा नसते. आदेशात लिहिलेला प्राणी, क्षेत्र, मुदत आणि व्यक्ती यांच्या बाहेर एक पाऊलही टाकू नये. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियमाखाली वेगळा लागतो. ग्रामीण भागात तो जिल्हादंडाधिकारी देतात आणि नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, हेही नियोजन करताना धरून चालावे. फास, गावठी बॉम्ब आणि तारेत सोडलेली थेट वीज यांच्या वाटेला तर जाऊच नये. गोदाकाठच्या उसात बिबट्या वावरतो. डुकरासाठी लावलेल्या फासात तो अडकला, तर गुन्हा अनुसूची 1 मधील प्राण्याचा होतो आणि त्याची शिक्षा 3 ते 7 वर्षांपर्यंत आहे. माणसाचा जीव जाण्याची भीती तर त्याहून मोठी आहे.

गोळी झाडण्यापूर्वीची काळजी नाशिकमध्ये जास्तच घ्यावी लागते, कारण येथील शेत रात्री रिकामे नसते. कृषिपंपांना रात्रीची वीज मिळाली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी भरायला बाहेर पडतो, हंगामात पेठ-सुरगाण्याहून आलेली मजूर कुटुंबे द्राक्षबागेतच मुक्काम करतात, आणि कापणी झालेल्या रानात मेंढपाळांचे वाडे बसलेले असतात. म्हणून त्या दिवशी दुपारीच वस्त्यांवर स्वतः जाऊन सांगावे, पोलीस पाटलांना कळवावे आणि नेम मचाणावरून, गोळी मातीतच जाईल अशा कोनात धरावा. हलणाऱ्या उसावर किंवा नुसत्या चमकणाऱ्या डोळ्यांवर कधीही गोळी झाडू नये. मखमलाबाद, गंगापूर यांसारख्या शहरालगतच्या भागात घरे इतकी जवळ आली आहेत, की तेथे वनविभागाकडे प्राणी पकडून नेण्याची मागणी करणेच उचित होय.

जखमी डुक्कर दाट पिकात शिरल्यास त्याच्यामागे एकट्याने जाऊ नये. ते उलटून हल्ला करते. ताबडतोब वनकर्मचाऱ्यांना बोलवावे. मारलेला प्राणी कायद्याने शासनाची मालमत्ता होतो. त्याचे मांस वाटणे, सुळे काढून ठेवणे किंवा पंचनाम्याआधी तो हलवणे यांपैकी काहीही केल्यास परवानगी असलेला शेतकरीही आरोपी ठरू शकतो. पंचनामा झाल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी आणि मूळ आदेशासोबत जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करताना आधीच्या कारवाईचा पुरावा हाताशी राहतो.