चिकणमातीवर कृत्रिम गवत बसवताना या चुका टाळा

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की मला ठाणे आणि नवी मुंबईतून एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. गवतावर पाऊल ठेवले की पचपच होते, कुबट वास येतो, कडेने डास झाले आहेत, तेव्हा गवत बदलून द्या, असे त्यांचे म्हणणे असते. दोष गवताचा क्वचितच असतो. टर्फच्या, म्हणजे या कृत्रिम गवताच्या, पाठीला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि पाणी त्यांतून विनासायास खाली उतरते. मात्र उतरलेले पाणी पुढे कोठे जाणार, हे काम सुरू होण्यापूर्वी कोणी ठरवलेले नसते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे चिकणमातीत चार इंच खणून त्यात खडी भरली की निचऱ्याची सोय झाली, असे मानणे. मुरमाड जमिनीत हे चालून जाते, कारण तेथे पाणी खाली झिरपते. नवी मुंबईत खाडीकाठच्या भरावाखाली मात्र चिकण गाळ असतो आणि चिकणमातीतून पाणी इतके सावकाश झिरपते, की तुम्ही खणलेला खड्डा परातीसारखा भरून राहतो. ४०० चौरस फुटांच्या अंगणावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३,७०० लिटर पाणी जमा होते आणि आपल्याकडे एवढा पाऊस एका दिवसात पडणे मुळीच नवलाचे नाही. चार इंच खडीच्या थरात ४० टक्के पोकळी धरली, तरी तिच्यात जेमतेम १,५०० लिटर पाणी मावते. म्हणजे ४० मिलिमीटर पावसातच ती पोकळी भरते आणि त्यानंतरचे सगळे पाणी गवतावर साचते.

नेरूळमध्ये खाडीच्या बाजूच्या एका रो-हाउसचे मागचे अंगण मी असेच उघडलेले पाहिले आहे. एका कंत्राटदाराने मे महिन्यात तीन दिवसांत ते काम उरकून दिले होते. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, तरी टर्फचा कोपरा उचलताच खाली पाणी दिसले. वरच्या थरासाठी वापरलेल्या क्रशर डस्टचा, म्हणजे दगड फोडताना निघणाऱ्या भुकटीचा, करडा लगदा होऊन तो खडीत उतरला होता, खालची माती खडीत वर आली होती आणि घराच्या जोत्याला हातभर उंचीपर्यंत ओल चढली होती. घरमालक म्हणाले, "आणखी फूटभर खडी टाका, पण पुन्हा सगळे खणायला लावू नका." मी म्हणालो, "काका, खडी वाढवली तर टाकी मोठी होईल, पाणी जाणार नाही." शेवटी सगळे खणावेच लागले. तळाला घरापासून दूर, दर मीटरला दीड सेंटिमीटर ढाळ दिला. मधोमध फूटभर खोल चर घेऊन त्यात भोके पाडलेला चार इंची पाइप, भोके खाली करून, १०० मीटरला १ मीटर उताराने टाकला आणि तो पावसाळी गटाराला जोडला. माती आणि खडी यांच्यामध्ये नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरले. वर क्रशर डस्टऐवजी धुतलेली बारीक कच घेतली. ती दाबायला वेळ लागतो, पण तिचा लगदा होत नाही.

त्याच अंगणाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. उधाणाच्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खाडीलगतचे गटार तुडुंब भरते आणि पाइपाचे तोंड खाली असेल तर पाणी उलटे अंगणात येते. तेव्हापासून मी गटारातील पाण्याची पातळी भरतीच्या वेळी स्वतः जाऊन पाहतो आणि पाइपाच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, लावल्याखेरीज काम संपवत नाही.

जिओटेक्स्टाइलच्या जागी जुनी ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. असे काम मी घेत नाही.

दुसरी चूक घाईची आहे. पहिल्या वळवाच्या सरीनंतर, वास्तुशांतीची तारीख जवळ आली म्हणून, ओल्या मातीवरच काम सुरू केले जाते. ओल्या चिकणमातीवर धुम्मस मारली तर ती दबत नाही, नुसती बाजूला सरकते, आणि पुढे ती वाळून आकसली की वरचे गवत जागोजागी खचते. मी मातीचा गोळा मुठीत दाबतो. मूठ उघडल्यावर तो बोटांना चिकटत असेल तर त्या दिवशी माणसे परत पाठवतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. ज्यांना तोपर्यंत थांबवत नाही, त्यांनी पावसाळाभर कुंड्या मांडाव्यात, पण ओल्या मातीवर पैसे घालू नयेत.

छताच्या पन्हळीचे पाणी टर्फवर सोडू नये. टर्फच्या शेजारच्या दोन पट्ट्यांची पाती एकाच दिशेला असावीत. पात्यांमधल्या भरणीला खाडीची वाळू न घेता धुतलेली, कोरडी सिलिका वाळू घ्यावी.

टर्फ अंथरण्यापूर्वी मी तयार थरावर अर्धा तास नळी सोडतो आणि पाइपाचे पाणी जेथे येते त्या चेंबरपाशी उभा राहून पाणी बाहेर पडते की नाही ते पाहतो. पाणी आले नाही, तर त्या दिवशी टर्फची गुंडाळी उलगडली जात नाही. चेंबरच्या झाकणावर टर्फ चिकटवून टाकू नये. तेथे फूटभराचा चौकोनी तुकडा सुटा ठेवावा, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो उचलून आतला गाळ हाताने काढता येतो.