प्राथमिक शाळेच्या वाचन योजनेसाठी निधी कसा मागायचा

सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांकडे प्राथमिक शाळांचे जे अर्ज जातात, त्यांत एक मागणी ठरलेली असते: वाचनालय. दोन कपाटं, पाचशे पुस्तकं, भिंतीवर चित्रं, उद्घाटनाला फीत. वर्षभराने जाऊन पाहावं तर कपाटाला कुलूप आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या बाईंकडे. पुस्तकांसाठी पैसे मिळवणं त्या मानाने सोपं. मुलं वाचायला लागावीत म्हणून जी रोजची पाऊण तासाची मेहनत लागते, तिच्यासाठी पैसे मिळवणं अवघड, आणि मागायचे ते त्यासाठीच. त्याकरता हातात आकडे हवेत.

आधी मोजणी

जूनमध्ये शाळा उघडली की लगेच चाचणी घेऊ नका. मुंबईतली बरीच मुलं मे महिन्यात गावी जातात आणि जून संपत आला, कधी जुलै लागला तरी परतलेली नसतात. जुलैचा दुसरा आठवडा धरा आणि पावसाने बुडतील म्हणून दोन दिवस हातचे ठेवा.

चाचणी तोंडी, एका वेळी एकच मूल. आरंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतले पाच स्तर शिक्षकांच्या आणि कंपन्यांच्याही ओळखीचे आहेत, तेच वापरा. मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवा; वर्गात बसवलं की मागच्या बाकावरून उत्तरं येतात. उतारा बालभारतीच्या पुस्तकातला नको, तो अर्ध्या वर्गाला पाठ असतो. आणि त्या वर्गाच्या शिक्षकाने स्वतःच्या मुलांची चाचणी घेऊ नये, वर्ग अदलाबदल करावेत. इथे कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. आपल्या मुलाचा शब्द अडला की शिक्षकाच्या तोंडून पहिलं अक्षर निघतंच.

एका मुलाला चार मिनिटं लागतात. पहिली ते चौथी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत ३५ मुलं म्हणजे २८० मुलं. जवळजवळ १९ तासांचं काम. दोन माणसं रोज तीन तास बसली तर चार दिवसांत उरकतं.

दुसरी-तिसरीच्या मुलांचं एक मिनिटाचं वाचनही मोजा: बरोबर वाचलेले शब्द तेवढेच धरायचे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरता अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाने तिथे पोचावं, असा त्याचा हेतू. अर्जात हाच निकष वापरा, घरचा बनवू नका.

वेगाइतकंच, मूल कुठे अडतं हेही टिपा. तिसरीतलं मूल ‘मामा बाजारात गेला’ सरळ वाचतं, ‘रस्त्यावर’ आलं की थांबतं, ‘र’ म्हणतं, बोट पुढे सरकवतं आणि ‘वर’ म्हणून मोकळं होतं. त्याची अडचण जोडाक्षराची आहे. दुसरं एखादं ‘पा-व-सा-मु-ळे’ असं पाचही अक्षरं बरोबर वाचतं आणि कशामुळे भिजला विचारलं तर गप्प बसतं. कदाचित त्याच्या घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलतात आणि शब्दच ओळखीचा नाही. पहिल्याला जोडाक्षरांचा सराव हवा, दुसऱ्याला गप्पा, गाणी, गोष्टी ऐकणं. दोघांनाही ‘शब्द स्तर’ म्हणून एकाच गटात टाकलं की सहा महिने वाया जातात.

एका पानाची योजना

‘विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करणे’ हे उद्दिष्ट खोडून टाका. त्याऐवजी असं लिहा: ‘तिसरीच्या ७० मुलांपैकी २४ मुलं जुलैत परिच्छेद किंवा त्यापुढे वाचतात, मार्चपर्यंत ५० वाचतील.’ सगळी ७० लिहू नका. शंभर टक्क्यांचं वचन वाचलं की अर्ज तपासणाऱ्याला कळतं, यांनी मोजलेलं नाही.

त्याखाली चार गोष्टी: रोज कोणती ४५ मिनिटं, गट कुणी घ्यायचे, कुठे बसायचं, दर सहा आठवड्यांनी गट बदलायचे ते कोण ठरवणार. महापालिकेच्या इमारतीत एकाच जिन्यावर दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात आणि सकाळ-दुपार पाळ्या असतात. वर्गात लावलेली वाचनपेटी दुपारच्या पाळीचीही होते, मग पुस्तकं हरवली की भांडण. तेव्हा भिंतीवर टांगायचे कापडी कप्पे घ्या. पाळी संपली की गुंडाळून ठेवता येतात, किल्लीचा प्रश्न उरत नाही.

पैसा कुठे आहे

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत पायाभूत साक्षरतेच्या शैक्षणिक साहित्यासाठी दर मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत आणि शिक्षक-पुस्तिकांसाठी दर शिक्षकामागे १५० रुपयांची तरतूद आहे. हे पैसे राज्याच्या वार्षिक आराखड्यातून येतात, शाळेने वेगळा अर्ज करून मिळत नाहीत. पण आपल्या शाळेला काय आलं, काय येणार आहे, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. तेच साहित्य कंपनीकडेही मागितलं आणि लेखापरीक्षणात दोनदा दिसलं तर पुढची दारं बंद.

पेट्या, खुर्च्या, स्वयंसेवक एवढंच हवं असेल तर केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेने मागणी नोंदवावी. परदेशी देणगीचा विचार एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी असेल तरच करा.

मुंबईत मुख्य रस्ता सीएसआरचाच, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी मर्यादा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. हा खर्च कोणत्या कामांवर चालतो त्याची यादी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहे, आणि तिच्यात शिक्षण आहेच. पवई, बीकेसी, लोअर परळच्या बड्या नावांकडे रांग लागलेली असते. अंधेरी-मरोळ पट्ट्यातल्या मध्यम कंपन्यांना चार-पाच लाखांचा, घराजवळचा, जाऊन बघता येईल असा प्रकल्प हवा असतो. तिकडे आधी जा.

कागदपत्रं

अर्जदार शाळा नसते, संस्था असते. खासगी अनुदानित शाळेची चालक संस्था, किंवा पालिका शाळेत काम करणारी स्वयंसेवी संस्था. दुसऱ्या बाबतीत पालिकेच्या शिक्षण खात्याची लेखी परवानगी आधी हवी. मुख्याध्यापकांचं ‘या, या’ पुरत नाही.

संस्थेकडे सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे सीएसआरचं काम घेण्यासाठीचा नोंदणी क्रमांक हवा, तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यासाठी आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी लागते. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नवी संस्था असेल तर जुन्या संस्थेबरोबर करार करून तिच्या नावे अर्ज करा. बाकी पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी पोर्टल) क्रमांक, शाळेचा सरकारी नोंदीतला ११ अंकी यूडायस क्रमांक.

हमखास अडतं ते विश्वस्तांच्या यादीवर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो. अनेक जुन्या शिक्षण मंडळांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. मग परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर दिवंगत अध्यक्षांचं नाव, बँकेत सही दुसऱ्याची, ठरावावर तिसऱ्याची. कंपनीचा वकील तिथेच फाइल बाजूला ठेवतो. बदल अर्ज दाखल केल्याची पोच आणि विश्वस्त मंडळाचा ठराव सोबत जोडला तर निदान बोलणं सुरू राहतं. पॅन, बँक आणि नोंदणी प्रमाणपत्र यांवरची संस्थेच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगही एकसारखी आहेत का, ते अर्जाआधी पाहा.

अंदाजपत्रक

वर उल्लेखलेल्या २८० मुलांच्या शाळेचं एका वर्षाचं अंदाजपत्रक मांडून पाहू. दर नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमची कोटेशनं घाला.

पुस्तकं मुलामागे दोन, म्हणजे ५६० प्रती, ५० रुपये दराने २८,००० आणि फाटण्या-हरवण्यासाठी दहा टक्के, २,८००. कापडी कप्पे आठ, प्रत्येकी १,२००, म्हणजे ९,६००. रोजचे वाचनगट घेणाऱ्या दोन अर्धवेळ वाचनताई, प्रत्येकी महिना ९,००० प्रमाणे दहा महिने, १,८०,०००. शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ६,००० प्रमाणे १८,०००. तीन चाचण्यांचे ८४० कागद, ३ रुपयांप्रमाणे २,५२०. देखरेख महिना ५,०००, दहा महिन्यांचे ५०,०००. हिशेब व लेखापरीक्षण १२,०००. एकूण ३,०२,९२०, मुलामागे सुमारे १,०८२ रुपये.

पुस्तकांचा वाटा जेमतेम दहा टक्के आहे, याकडे तपासणाऱ्याचं लक्ष जातंच आणि ‘पगारावर एवढे?’ असा प्रश्न येतो. उत्तर तयार ठेवा: गट घेणारं माणूस नसेल तर पुस्तकं कपाटात राहतात. वाचनताईंना ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्यात टाकू नका, त्या प्रत्यक्ष कामाचा खर्च आहेत. आणि ‘सीएसआरमध्ये पाच टक्क्यांवर प्रशासकीय खर्च चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे, तुमच्या अंदाजपत्रकावर नाही. कंपनीचं धोरण वेगळं असू शकतं, ते विचारून घ्या.

कधी मागायचं

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचं जून ते एप्रिल. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असतो तेव्हा, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, जुलैची मोजणी आणि पहिल्या सत्राअखेरची दुसरी चाचणी घेऊन जा. जानेवारीनंतर फोन येतो तो उरलेल्या पैशांसाठी: ‘मार्चच्या आत खर्च करता का?’ तेव्हा हो म्हणा, पण त्यात फक्त पुस्तकं, कप्पे आणि छपाई बसवा. तीन महिन्यांसाठी वाचनताई नेमली की एप्रिलमध्ये तिला नाही सांगावं लागतं आणि जूनमध्ये ती परत येत नाही. दोन-तीन वर्षांची योजना असेल तर ती ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. म्हणजे मार्चअखेर उरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते.

कर्मचाऱ्यांचा ‘स्वयंसेवा दिवस’ मागतील. द्या, वर्षातून दोनदा, गोष्ट वाचून दाखवायला. मुलांचे फोटो मात्र पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत.

पैसे आल्यावर

रक्कम हप्त्यांनी येते आणि दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर अडतो. प्रकल्पाची खातेवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, बिलं संस्थेच्या नावे घ्या, शाळेच्या नाही. मधल्या काळात पगार थकू नये म्हणून करारातच पहिला हप्ता किमान पाच महिन्यांचा मागा.

शेवटची चाचणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. त्याआधी घेतली तर महिना वाया जातो, नंतर घेतली तर परीक्षेत सापडते. आणि तीच मुलं मोजा. वर्षभरात काही कुटुंबं भाड्याची खोली सोडून शहराबाहेर नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला जातात, काही नवी येतात. जुलैतली ७० आणि मार्चमधली ७० ही तीच नसतात. हजेरीपटाचा क्रमांक टाकून जुळणी करा आणि अहवालात साफ लिहा: जुलैत ७०, त्यांपैकी मार्चमध्ये ६१ भेटली, त्या ६१ मध्ये इतकी पुढे सरकली, नवी ९ वेगळी.