घरातलं दडलेलं गुपित आणि तुटलेली दोस्ती: अशी कादंबरी लिहायला बसताना

घरातलं जुनं गुपित आणि त्यापायी तुटलेली मैत्री यावर कादंबरी लिहावीशी वाटणारे खूप जण भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं लिखाण तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरला अडकतं. गुपित काय आहे ते पक्कं ठरलेलं असतं पण ते एवढी वर्षं कोणी दाबून ठेवलं, कसं दाबलं, त्यासाठी रोज काय काय करावं लागलं याचा विचारच झालेला नसतो. आपल्याकडच्या घरात खरंतर गुपित कोणापासून लपलेलं नसतं, चुलत्यांना माहीत, आत्याला माहीत, शेजारच्या खोलीतल्या काकूंनापण माहीत, फक्त कोणी तो विषय काढत नाही. त्यामुळे "तेव्हा काय झालं होतं" यापेक्षा "माहीत असून सगळे गप्प कसे राहिले" हे शोधत लिहा, गोष्ट आपोआप पुढं सरकते.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक प्लॉट घेऊनच सांगते. मुंबईचं गिरणगाव घ्या, 1982 चा गिरणी कामगारांचा संप. 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लेखकासाठी ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण संप संपल्याची तारीखच नसेल तर कोण "फुटला" आणि कोण "परत कामावर गेला" हे पण कधी ठरत नाही. एकाच गावचे दोन दोस्त, समजा सातारा जिल्ह्यात खटाव-माणकडचे, एकत्र मुंबईला आले, एकाच गिरणीत लागले. संपात एक गिरणीत आत, कामावर गेला, दुसरा संपासाठी बाहेर राहिला. आत गेलेले ते तुमच्या कथेतले आप्पा, बाहेर राहिलेले तात्या. घरात मात्र पुढच्या पिढीला सांगितलं गेलंय की आप्पा शेवटपर्यंत संपात होते. गुपित एवढंच. खून नाही, अनौरस मूल नाही, आणि तरी एवढ्यावर तीनशे पानं उभी राहतात.

आता हे बाहेर कसं येणार? इथं बहुतेक जण ट्रंकेत सापडलेली डायरी आणतात. प्लीज आणू नका. पाळीभर पाय दुखेपर्यंत मागावर उभं राहिलेला साचेवाला रात्री डायरी लिहीत बसत नव्हता, आणि सगळं समजावून सांगणारं पत्र सापडलं की कादंबरी तिथंच संपते. कागद वापरा पण अर्धवट बोलणारे वापरा. 2012 मध्ये म्हाडानं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळानं, गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली, त्याच्या आधी आणि नंतर घराघरात फॉर्म भरण्यासाठी जुनी कागदपत्रं शोधणं चाललं होतं, वारसांनापण अर्ज करता येत होता. तर आप्पांची नात तो फॉर्म भरायला बसलीये असं धरा. तिकीट नंबर, विमा योजनेचं कार्ड, पीएफची स्लिप, पगाराची पावती असं एकेक गोळा करतेय आणि त्यात 1982 च्या ऑगस्टची पगाराची पावती निघते. बस्स. तिला त्यातून काहीच कळत नाही, वाचकाला थोडं कळतं, आणि आज्जी ती पावती हातातून काढून घेते आणि म्हणते "ही नको, बाकीची लाव". हा सीन नीट जमला तर पुढची शंभर पानं वाचक सोडत नाही.

दुसरा कागद गावाकडचा घ्या. सातबारा सगळ्यांना माहीत असतो पण खरी गोष्ट फेरफारात असते, कारण जमीन कोणाकडून कोणाकडं गेली, खरेदीखत कोणत्या तारखेचं, लिहून देणारा कोण हे तिथं येतं. संपाच्या काळात माणसं गावी परतली, कोणी दुसऱ्याच्या रानात राबलं, कोणी रोजगार हमीवर खडी फोडली, बायकांचे डाग मोडले, भांडी गेली, जमिनी गहाण पडल्या. अशात तात्यांचं दीड एकर जिरायत रान 1983 मध्ये आप्पांच्या नावावर चढलेलं फेरफारात दिसलं तर? आप्पांनी दोस्ताला अडचणीत मदत म्हणून घेतलं की अडलेला बघून स्वस्तात घेतलं, हे दोन्ही खरं असू शकतं आणि तुम्ही लेखक म्हणून निकाल देऊ नका, दोन्ही बाजूंना खरंच पटेल असं लिहा. जुने फेरफार तलाठी कार्यालयात आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात, काही जिल्ह्यांचे स्कॅन होऊन ऑनलाइन पण आलेत. स्वतःच्या घराचा एक तरी जुना फेरफार काढून वाचाच, ती भाषा कानात बसते.

आणि माझ्या सगळ्यात आवडत्या दोन वस्तू, ज्या कादंबऱ्यांमध्ये फार कमी दिसतात. एक, लग्नपत्रिका. 1978 च्या पत्रिकेत खाली निमंत्रकांच्या यादीत तात्यांचं नाव आप्पांच्या सख्ख्या भावाच्या बरोबरीनं छापलेलं, आणि 1985 च्या पत्रिकेत ते नाव नाही. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या की एक शब्द न बोलता सगळं कळतं. दुसरी, आहेराची वही. कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडं दिलं, कोणी पातेलं, हे सगळं त्यात असतं आणि नातं कधी आटलं हे त्या वहीइतकं स्पष्ट कुठंच दिसत नाही. बोलणं बंद झाल्यावरपण तात्यांकडून अकरा रुपये कोणाच्या तरी हातून आलेत अशी नोंद 1985 मध्ये टाका, आणि ती आज्जीच्या अक्षरात नको, भलत्याच माणसाच्या अक्षरात असू दे. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी पण अशाच कामाच्या, तिथं जागाच एवढी कमी असायची की माणूस फक्त गरजेचं लिहायचा.

मैत्रीवर वेळ द्या, खूप वेळ द्या. मैत्री तुटल्याचं दुःख वाचकाला तेव्हाच होतं जेव्हा त्यानं ती आधी पन्नास-साठ पानं जगलेली असते. "दोघं जिवलग होते" असं लिहून पुढं जाऊ नका, त्यांचा दिवस दाखवा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, रात्रपाळी बाराची. गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपायची, एक उठून गेला की त्याच्या जागेवर दुसरा. आप्पा आणि तात्या वेगळ्या पाळीत असतील तर आठवडाभर भेटच नाही, पण एकाच पेटीची किल्ली दोघांकडं, खाणावळीवाल्या मावशी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगणार, एकाचा खाडा झाला की जॉबरकडं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाकडं, शब्द टाकायला दुसरा जाणार. बदलीवर असताना गेटवर उभं राहून काम न मिळता परत येणं, आणि त्या दिवशी दुसऱ्यानं काही न विचारता जेवणाचे पैसे भरणं. असे सीन लिहिलेत की पुढं गेटच्या एका बाजूला एक आणि पोलीस बंदोबस्तात आत जाणारा दुसरा, हे लिहिताना तुम्हाला "विश्वासघात" हा शब्द वापरावाच लागणार नाही.

आत जाणाऱ्याला व्हिलन करू नका, ही कळकळीची विनंती. संपाला सात-आठ महिने झालेत, पगार नाही, घरात आजारी मूल आहे, मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली कामगारांच्या वतीनं बोलायची मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, सामंतांच्या संघटनेला नाही, त्यामुळे बोलणी पुढं सरकत नाहीत, आणि सरकार हलत नाही. अशात माणूस आत गेला. त्याचं कारण वाचकाला पटलं पाहिजे आणि तात्यांचा संतापही तेवढाच पटला पाहिजे. एकच बाजू पटत असेल तर ड्राफ्ट परत लिहायला घ्या. आणि आत जाऊन तरी काय मिळालं, ऑक्टोबर 1983 मध्ये सरकारनं मुंबईतल्या 13 गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, पुढं एकेक गिरणी बंदच पडत गेली आणि त्या जागांवर मॉल, टॉवर उभे राहिले, लोअर परळला फिनिक्स मिलचं काय झालं ते सगळे बघतायत. म्हणजे ज्या नोकरीसाठी दोस्ती गेली ती नोकरीपण गेली, हे आप्पांना कधी कळलं त्या दिवसाचा एक स्वतंत्र चॅप्टर हवा.

काळ दोन ठेवा, 1978 ते 85 आणि 2012 च्या आसपास. तिसरा काळ घुसवू नका, गुंता होतो. प्रत्येक चॅप्टरला वर तारीख देत बसण्यापेक्षा पहिल्याच ओळीत अशी वस्तू टाका की काळ कळेल, भोंगा वाजला की जुना, मोबाइल वाजला की नवा. कोणाच्या तोंडून सांगायचं? नातीच्या तोंडून आत्ताचं ठीक आहे, पण जुना काळ आप्पांच्या तोंडून सांगू नका, कारण ते सांगायला लागले की गुपित उरत नाही आणि ते स्वतःची बाजू मांडणार. मी तरी आज्जीला निवडीन. तिला दोन्ही माणसं माहीत, डबे तिनं दोघांचे भरलेत, आणि तिला या सगळ्यात कोणी कधी विचारलं नाही. तिचं गप्प राहणं हे भीतीचं आहे की प्रेमाचं की रागाचं, हे तुम्ही लिहिता लिहिता शोधा, आधी ठरवू नका.

भाषेचं बघा. साताऱ्याकडचा माणूस "आरं, आलास व्हय" म्हणेल, तळकोकणातला मालवणीत बोलेल, आणि गिरणगावात दोघं शेजारी राहिल्यामुळे एकमेकांचे शब्द उचलतील. साचा खातं, त्रासन खातं, धोटा, बदली, खाडा हे शब्द अर्थ न सांगता वापरा, संदर्भानं कळतात. नात मात्र आत्ताच्या मुंबईच्या मराठीत बोलू दे. जुन्या कामगारांशी बोलायला जाल तेव्हा "संपाबद्दल सांगा" असं विचारलं की भाषण मिळतं, त्याऐवजी विचारा की त्या दिवसांत घरात काय शिजायचं, किराणा उधार कोण द्यायचं, गावाला जायला भाडं कुठून आणलं. आणि रेकॉर्डिंग चालू करण्याआधी विचारून घ्या, काही जण नाही म्हणतील तर वही पण बंद ठेवा आणि नुसतं ऐका.

शेवट लिहिताना दोन म्हाताऱ्यांची गळाभेट लिहायचा मोह होणारच. आप्पा गेल्यानंतर फॉर्म भरला जातोय असं ठेवलंत तर तो मोह आपोआप टळतो, मग नातीनं तात्यांच्या मुलाकडं जाऊन फेरफाराची कॉपी समोर ठेवायची की नाही हा प्रश्न उरतो, आणि तो पुढच्या पिढीचा प्रश्न असल्यामुळे जास्त जिवंत वाटतो.

ही गोष्ट तुमच्याच घरातली असेल तर गिरणीचं नाव, गाव, जमिनीचा आकडा, नात्यांचा क्रम सगळं बदला, नुसती नावं बदलून भागत नाही कारण गावात दोन ओळींत माणूस ओळखतात. आणि पहिला पूर्ण ड्राफ्ट झाला की घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला तो वाचून दाखवा, मोठ्यानं, एका बैठकीत जमेल तेवढा. जिथं ती "असं नव्हतं" म्हणेल तिथं पेन्सिलनं खूण करा आणि पुढं वाचत राहा, कारण ती मध्येच जे सांगायला लागेल ते तुमच्या ड्राफ्टमध्ये अजून आलेलं नसणार.