तालुक्याच्या गावात कारखाने आणायचे असतील तर सुरुवात कुठून करायची

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. एमआयडीसी आहे, बरेच प्लॉट मोकळे पडलेत, आणि दहावी-आयटीआय झालेली पोरं सकाळच्या एसटीनं बॅग घेऊन पुण्याला जातात. माझं स्वतःचं छोटं मशीन शॉप आहे आणि गेली काही वर्षं आमच्या उद्योजक संघटनेत नवीन कारखाने आणायचं काम मी बघतो. त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण असाच प्रश्न बऱ्याच गावांना पडलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या कंपनीच्या मागं लागू नका, निदान सुरुवातीला तरी नको. आम्ही दोन वर्षं त्यातच घालवली, पत्रं पाठवली, पुढाऱ्यांना घेऊन मुंबईला चकरा मारल्या. मोठी कंपनी जागा ठरवते तेव्हा ती शेकडो एकर सलग जमीन, हायवे, बंदर, विमानतळ, राज्य सरकारचं पॅकेज हे सगळं बघते, त्यात तालुक्याच्या गावाच्या हातात फार थोडं असतं. आपल्या हातात असतो तो वीस-पंचवीस माणसं कामाला ठेवणारा कारखाना, आणि असे पंधरा आले तर गावाचा बाजार बदलतो.

मग असे कारखाने शोधायचे कुठं? गावातच. खरंच सांगतो, आधी एक वही घ्या आणि गावात जे कारखाने आज चालू आहेत त्या प्रत्येकाकडं जाऊन तासभर बसा. मालकाला दोनच प्रश्न विचारा, तुमचं कुठलं काम करून घ्यायला बाहेरगावी पाठवावं लागतं, आणि तुम्हाला वाढायचं असेल तर काय अडतंय. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की पाच-सहा जण हीट ट्रीटमेंटसाठी, म्हणजे लोखंडाचे भाग भट्टीत तापवून कडक करून घ्यायला, माल कोल्हापूरला पाठवतात, प्रत्येकाचा वेगळा टेम्पो, जायचं भाडं, यायचं भाडं, आणि तिथं नंबर लागेपर्यंत दोन-तीन दिवस जॉब, म्हणजे कामाला दिलेले भाग, पडून. माझे जॉबही त्यातच होते! शेजारच्या शेडमधला माणूस तेच करतोय हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तीच गत पावडर कोटिंगची, तीच प्लेटिंगची. ही यादी म्हणजे तुमचं सगळ्यात भारी भांडवल. कारण आता एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याला फोन करताना तुम्ही नुसतं 'आमच्या गावात या' म्हणत नाही, 'महिन्याला इतके टन काम इथं तयार आहे, हे सहा गिऱ्हाईक, बोलून घ्या' असं म्हणता. कुठलीही सबसिडी एवढी ओढ लावत नाही.

वाळूजचं उदाहरण बघा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ ला तिथं सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे उभे राहिले, एन्ड्युरन्स, व्हेरॉकसारख्या कंपन्या त्याच मातीत वाढल्या. जालन्याला एकीकडं स्टील आणि दुसरीकडं बियाणं, इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला पॉवरलूम आणला आणि पुढं माग, सायझिंग, प्रोसेसिंग, सुताचे व्यापारी असं सगळं गाव त्याभोवती जमलं. एकाला लागणारं दुसरा करतो, दुसऱ्याला लागणारं तिसरा. तुमच्या गावात आज जे चाललंय त्याच्या आजूबाजूचंच आणा. डाळ मिलचं गाव असेल तर पॅकिंगवाला, मशीन दुरुस्तीवाला, गोदामवाला. एकदम सेमीकंडक्टरचं स्वप्न नको.

दुसरी यादी माणसांची. आपल्या गावची किती माणसं भोसरीत, चाकणला, पिंपरीत काम करतात ते मोजा. त्यातले कोणी सुपरवायझर झालेत, कोणी टूलरूम सांभाळतंय, कोणी स्वतःचा भाड्याचा गाळा घेतलाय. ही माणसं जत्रेला आणि दिवाळीला हमखास गावी येतात. आम्ही जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये चहा-पोहे ठेवून त्यांना बोलावलं, हारतुरे नाहीत, भाषण नाही, फक्त नकाशा टेबलावर आणि वही. तिथं एकानं सांगितलं की भोसरीतल्या गाळ्याचं भाडं आणि कामगारांच्या खोल्या यातच सगळं जातंय, आई-वडील इकडं एकटे आहेत, इथं पाच हजार स्क्वेअर फूट तयार शेड मिळाली तर मी दोन मशीन उद्या आणतो. असल्या माणसाला गावाची ओढ आधीच असते, त्याला फक्त अडचण काढून हवी असते.

आता ती 'तयार शेड' हाच खरा मुद्दा आहे. लहान कारखानदाराकडं मशीनपुरते पैसे असतात, प्लॉट घ्या, बांधा, मग कनेक्शन मागा एवढा दम त्याच्याकडं नसतो. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो, चांगलं आहे, पण बऱ्याच गावांत प्लॉट घेऊन ठेवलेत आणि त्यावर नुसती बाभळ वाढलीय. कुठला प्लॉट कोणाच्या नावावर, किती वर्षं रिकामा, याची यादी करा आणि आधी त्या मालकांशी गोडीत बोला. आम्ही तिघांना समजावलं की बाबा तू शेड बांध आणि रीतसर परवानगी घेऊन भाड्यानं दे, तुलाही उत्पन्न, गावालाही काम. एकानं ऐकलं. बाकीच्यांसाठी एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात संघटनेच्या नावानं लेखी पत्र द्यावं लागतं, मुदतीत बांधकाम केलं नाही तर प्लॉट परत घेता येतो हे नियमातच आहे. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

खासगी जमीन असेल तर आधी प्रादेशिक आराखड्यात ती कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा. शेतकरी नसलेल्या माणसालासुद्धा उद्योगासाठी शेतजमीन घेता येते, कुळकायद्यात ६३-१अ हे कलम त्यासाठीच आहे, १० हेक्टरच्या वर असेल तर मात्र उद्योग विभागाच्या विकास आयुक्तांची परवानगी लागते. पण कागद सगळे बरोबर असूनही गाडी अडते ती रस्त्यावर. सातबारा स्वच्छ, भाव पटलेला, आणि जायला फक्त पाणंद, त्यावर शेजाऱ्याची हरकत! ट्रेलर आत वळेल का हे स्वतः टेप लावून मोजा.

वीज. यावर जरा थांबतो, कारण गावात उद्योग टिकतो की जातो ते इथंच ठरतं. लोक म्हणतात आमच्याकडं लोडशेडिंग नाही, पण कारखान्याला नडते ती एका सेकंदाची डुलकी. माझ्याच शॉपमधलं सांगतो, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) जॉब लागलाय, चार तासांचं काम झालंय, शेवटचा कट चालू आहे आणि लाईट नुसती लपकली. स्पिंडल थांबतो, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, तुटून जॉबमध्ये अडकतो, तो जॉब भंगारात, आणि मशीन परत झिरोला आणून सेट करायला अर्धा-पाऊण तास. फाउंड्रीवाल्याचं तर अजून अवघड, भट्टीत वितळलेलं लोखंड असताना वीज गेली आणि वेळेत ओतून काढता आलं नाही तर ते भट्टीतच गोठतं, मग लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, फोडून काढायचं. म्हणून आम्ही प्रत्येक कारखान्यात एक साधं रजिस्टर ठेवलं, लाईट किती वाजता लपकली, किती वाजता आली, एवढंच. तीन महिन्यांची नोंद सहा कारखान्यांची एकत्र केली तेव्हा दिसलं की बहुतेक ट्रिपिंग एकाच फीडरवर (सबस्टेशनवरून येणाऱ्या लाईनवर), आणि तेही वारा सुटला की. शेतीपंपांची एक लाईन त्याच फीडरला जोडलेली होती आणि ओढ्याकाठी झाडांच्या फांद्या तारांना लागत होत्या. तोंडी तक्रारी आम्ही अनेक वर्षं करत होतो, रजिस्टर दाखवल्यावर इंजिनिअर साहेब स्वतः बघायला आले, फांद्या लगेच तोडल्या, फीडर वेगळा करायचं काम पुढच्या वर्षीच्या मंजुरीत घेतलं. नवीन येणाऱ्याला आम्ही ते रजिस्टरच दाखवतो, आधीचं आणि आताचं दोन्ही. लपवत नाही. त्याला आल्यावर कळणारच असतं, आणि खरं सांगणाऱ्या गावावर माणूस विश्वास ठेवतो.

गावाची माहिती एका कागदावर काढा, पण कामाची. प्लॉट नंबर, लागून रस्ता किती फुटांचा, सबस्टेशन किती लांब, ११ केव्ही की ३३ केव्ही, पाणी रोज किती आणि त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, वजनकाटा कुठं, आयटीआयमध्ये कुठले ट्रेड आणि किती पोरं दरवर्षी बाहेर पडतात, हेल्परचा आणि ऑपरेटरचा चालू पगार. ऐतिहासिक वारसा, निसर्गरम्य परिसर वगैरे त्यात नको, ते आल्यावर दिसतं.

सबसिडीचं थोडक्यात. राज्यात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट असतात आणि मागास गटात जास्त सवलती, म्हणजे जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी असं. आपला तालुका कुठल्या गटात आहे आणि आज नेमकं काय मिळतं ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, योजना बदलत असतात. नवीन पोरांना पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या रोजगार निर्मिती योजनेत, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसवता येतो. पण पाहुण्यासमोर सबसिडीनं सुरुवात करू नका. तो पैसा मागाहून येतो, कधी उशिरा येतो, आणि फक्त सबसिडीसाठी आलेला माणूस ती संपली की जातो.

पाहुणा बघायला येतो तो दिवस फार मोलाचा. आमच्याकडं एकदा पुण्याहून एक प्लॅस्टिक मोल्डिंगवाले आले होते, चांगला माणूस, तीस-चाळीस लोकांचं काम. आम्ही त्यांना पत्ते दिले आणि आपापल्या धंद्यात राहिलो. त्यांना एका ऑफिसात साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यात जेवणाची सुट्टी, तिसऱ्यात उद्या या. संध्याकाळी चहा पिऊन गेले ते परत फोन उचलला नाही. चूक आमचीच होती. तेव्हापासून नियम केलाय, एक माणूस दिवसभर पाहुण्यासोबत, सगळ्या वेळा आधी ठरवलेल्या, आणि जेवण गावातल्याच एखाद्या कारखानदाराकडं, कारण खरे प्रश्न तिथंच विचारले जातात, कामगार कसे आहेत, युनियन, वर्गणीचा त्रास, मुलांना शाळा. वर्गणीचं उत्तर आधी तयार ठेवा, म्हणजे गावात बसून खरोखर ठरवा. गेटवर येऊन 'लेबरचं कंत्राट आम्हालाच द्या, भंगार आम्हालाच द्या' म्हणणारे चार जण अख्ख्या गावाचं नुकसान करतात. आम्ही सगळ्या पक्षांच्या लोकांना एका खोलीत बसवून सांगितलं की स्थानिक पोरांना काम मिळावं ही मागणी आपली सगळ्यांची, ती संघटनेमार्फत होईल, गेटवर कोणी जायचं नाही. हे एका बैठकीत झालं नाही, चार लागल्या.

कुठला उद्योग नको हेही ठरवा. पाणी कमी असलेल्या गावात डाइंगचा कारखाना आणून पुढं नदीकाठच्या गावांशी भांडण कशाला, पंचगंगेचे हाल आपण बघतोच आहोत. प्रदूषण मंडळाच्या यादीत तो उद्योग लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा ते आधी बघा, हिरव्या-पांढऱ्याला परवानगीही सोपी. बाकी परवानग्यांसाठी राज्याची 'मैत्री' नावाची एक खिडकी योजना आहेच, आणि काही अडलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्रची बैठक होते, तिथं विषय लेखी द्या. तोंडी विषय इतिवृत्तात येत नाही.

आपल्या भागाला हे काही नवीन नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरान जमीन दिली आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थान लहान, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. पण माणूस अडचणीत आहे हे कळल्यावर लगेच जागा मिळाली, आणि ती रेल्वे स्टेशनाला लागून. आजही मला त्यातलं 'लगेच' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी गेल्या पावसाळ्यात सुरू झाली. भोसरीत त्याच कामावर सुपरवायझर असलेला आमच्याच शेजारच्या गावचा माणूस, ज्या एका मालकानं ऐकलं त्याची शेड भाड्यानं घेतली, विजेच्या लोड मंजुरीला तेवढे चार महिने गेले. पहिला चार्ज, म्हणजे भट्टीत घातलेला पहिला माल, माझ्या पिनांचा होता. सकाळी हातगाड्यावरून दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला, हार्डनेस तपासून. आता वहीत पुढचं नाव पावडर कोटिंगचं आहे, दोघांशी बोलणं चालू आहे, आणि जत्रा चैत्रात.