स्लिम पिक्चर ट्यूबचा टीव्ही: घरी कसा बसवावा आणि चित्र कसे जुळवावे

२९ इंची जुना टीव्ही भिंतीपासून चांगला हातभर पुढे यायचा. पिक्चर ट्यूब म्हणजे जिच्या पुढच्या काचेवर चित्र उमटते ती मोठी काचेची नळी. स्लिम ट्यूबने ती पाठ बरीच कमी केली. पूर्वी ट्यूबच्या मानेतून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत १०० ते ११० अंशांत पसरायचा, स्लिम ट्यूबमध्ये तो सुमारे १२५ अंशांपर्यंत पसरवावा लागतो. पडदा तेवढाच, अंतर मात्र कमी. त्यामुळे कोपऱ्यांकडे जाताना झोताला फार तिरके वळावे लागते, आणि वाकडी रेघ, फिसकटलेली अक्षरे, रंगाचा डाग या तक्रारी कडांना नि कोपऱ्यांतच जास्त दिसतात. असा टीव्ही घरी आला की आधी कोपरे बघायचे, ते यासाठी.

जागा

टीव्ही खोक्यातून दोघांनी मिळून काढा. पाठ लहान झाली तरी वजन गेलेले नाही, आणि ते जवळजवळ सगळे पुढच्या काचेत आहे. उचलताना काच छातीकडे घ्या. टेबल भक्कम हवे आणि टीव्ही त्याच्या कडेपासून आत हवा. घरात लहान मूल असेल तर यात अजिबात हयगय नको, कारण समोरून ओढला तर हा टीव्ही पुढे कलंडतो.

मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा. वरच्या जाळीवर विणलेला रुमाल, कापडी कव्हर, फुलदाणी काही नको. गरम हवा तिथूनच बाहेर पडते. फुलदाणीतले पाणी आत गेले तर काय होईल हे सांगायला नको.

स्पीकर लांब ठेवा. आमच्याकडे म्युझिक सिस्टिमचा एक स्पीकर टीव्हीला अगदी खेटून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी उजव्या खालच्या कोपऱ्यात हिरवट-जांभळी झाक आली आणि निवेदिकेचा हात रोग्यासारखा दिसू लागला. ट्यूबमध्ये काही बिघडले नव्हते, स्पीकरच्या चुंबकाने झोत भलतीकडे वळत होता. असे झाले तर स्पीकर हलवा, टीव्ही मुख्य बटणाने बंद करा (नुसत्या रिमोटने नव्हे) आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावा. चालू होताना 'धम्म' असा जो आवाज येतो, तेव्हा ट्यूबभोवतीची कॉइल चुंबकत्व पुसत असते. मधला अर्धा तास गाळू नका, कारण त्या कॉइलचा थर्मिस्टर (तापला की वीज अडवणारा छोटा भाग) थंड झाल्याशिवाय ती नीट काम करत नाही. दोन-तीनदा केले की डाग बहुधा जातो.

जोडणी

सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेयर पिवळ्या पिनेने जोडला तर चालतो, पण रंगीत अक्षरांच्या कडेला ठिपके सरकताना दिसतात. दोन्हीकडे लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना असतील तर त्याच वापरा, फरक लगेच कळतो. प्लेयरच्या मेनूत पाल (PAL, आपल्याकडची रंगीत टीव्हीची पद्धत) निवडा आणि पडदा ४:३ (रुंदी चार, उंची तीन) असेल तर तसे सांगा, नाहीतर माणसे उभट दिसतील.

चित्र

टीव्ही अर्धा तास चालू ठेवा, मगच रिमोट हातात घ्या. थंड ट्यूबवर जुळवलेले चित्र तासाभरात बदललेले असते. ज्या वेळी टीव्ही बघता त्याच वेळी, खोलीतला तोच दिवा लावून हे काम करा. 'डायनॅमिक' हा मोड दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी असतो. तो बदलून स्टँडर्ड किंवा मूव्ही निवडा. रंगाचा टोन 'वॉर्म' ठेवा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो आणि चेहरे माणसांसारखे दिसतात.

पहिल्यांदा ब्राइटनेस. नावावरून उजेडाचे बटण वाटते, प्रत्यक्षात ते काळा रंग किती काळा हे ठरवते. रात्रीच्या प्रसंगात काळे केस आणि मागचा अंधार वेगळे कळेपर्यंत वाढवा. सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी होऊ लागल्या की थोडे मागे या.

मग कॉन्ट्रास्ट. हा तपासायला क्रिकेटच्या कसोटी सामन्यासारखे दुसरे काही नाही. खेळाडूंच्या पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसल्या पाहिजेत. शर्ट नुसता पांढरा ठिपका झाला असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. अंधाऱ्या दृश्यातून एकदम उजळ दृश्य आले आणि चित्र कडांना फुगले, तरीही कमीच करा. चढ्या कॉन्ट्रास्टने वाहिनीच्या बोधचिन्हाचा डाग ट्यूबवर कायमचा बसू शकतो. कॉन्ट्रास्ट बदलला की ब्राइटनेस पुन्हा बघावा लागतो, कंटाळू नका.

रंग शून्यावर आणून हळूहळू वाढवा आणि चेहऱ्यावर नजर ठेवा. गाल लालबुंद व्हायच्या आत थांबा. शार्पनेस कमीच बरा. जास्त असला की अक्षरांना पांढरी किनार येते, तपशील एकही वाढत नाही. माझे आकडे मुद्दाम देत नाही, प्रत्येक ट्यूबचे वेगळे असतात.

कोपरे

बातम्यांची वाहिनी लावा. खालून सरकणाऱ्या पट्टीची वरची कड हीच तुमची फूटपट्टी. पूर्ण कड एका बाजूला कललेली असेल तर मेनूत 'टिल्ट' आहे का पाहा. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे टीव्हीचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यावर हा कल बदलतो, म्हणून जागा आधी पक्की करायची. कड दोन्ही टोकांना वाकत असेल, किंवा कोपऱ्यातल्या पांढऱ्या अक्षरांना लाल-निळी सावली असेल, तर ते मेनूतून सुटणार नाही. अगदी किंचित बाक स्लिम ट्यूबमध्ये राहतोच, तो मान्य करावा. बसल्या जागेवरून डोळ्यांना खुपत असेल तर मेकॅनिकला बोलवा.

सर्व्हिस मोडचे (मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या मेनूचे) कोड कुठे मिळाले तरी वापरू नका. तिथले आकडे मेमरीत कायमचे बसतात आणि मूळ आकडे लिहून ठेवले नसतील तर परतीची वाट नाही. मागचे झाकण तर कधीच उघडू नये: ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो.

मेकॅनिक येईल तेव्हा टीव्ही अर्धा तास आधी चालू करून ठेवा, कोणता कोपरा ते बोट ठेवून दाखवा, आणि तो निघायच्या आधी बातम्यांची तीच पट्टी त्याच्यासमोर पुन्हा लावून बघा.